गाडी कुठे बदलायची?

आमच्या आजीच्या लेखी प्रवासाविषयी विचारण्यासारखा प्रश्न एकच असे : "गाडी कुठे बदलायची?" भाडे किती, वेळ किती लागेल, सोबत कोण येणार, या गोष्टी तिच्या दृष्टीने दुय्यम होत्या. इंदुराहून पुण्यास माहेरी जावयाचे म्हणजे दोन ठिकाणी गाडी बदलावी लागे. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून जो लोहमार्ग झाला, त्या लहान रुळांच्या मार्गाने घाट उतरून खंडव्यास यावयाचे, तेथे मोठ्या रुळांची गाडी पकडावयाची आणि कल्याणला उतरून पुन्हा पुण्याची गाडी गाठावयाची. वाटेत कालाकुंडला कलाकंद घ्यावयाचा, एवढाच काय तो प्रवासातील आनंदाचा भाग. बाकी सारे लक्ष खंडव्याकडे लागलेले. आमच्या वाचकांपैकी हैदराबादकरांच्या घरी वाडीचे आणि बेळगाव-गोव्याकडील मंडळींच्या घरी लोंढ्याचे नाव असेच काळजीच्या सुरात घेतले जात असेल. ग्वाल्हेर आणि बडोदे ही मुख्य मार्गावरची गावे. तेथील मंडळी या बाबतीत थोडी सुखी.

काही गाड्यांना त्या काळी थ्रू डबा असे. जंक्शनवर तो एका गाडीपासून सोडवून दुसरीला जोडीत. उतारू जागचा हलत नसे, ट्रंक जागची हलत नसे, झोपलेली मुले झोपलेलीच राहत. गाडी तर बदलेच, परंतु ती बदलण्याचे काम उतारूऐवजी रेल्वे करी आणि चुकले तर जबाबदारीही तिचीच असे. आमच्या लहान रुळांवरून मोठ्या रुळांवर डबा जाणे शक्य नसल्याने आजीला हे सुख कधी मिळाले नाही.

हे सर्व आठवण्याचे कारण असे की, विमानाचे तिकीट काढताना जे शब्द आज घरोघर ऐकू येतात, त्यांचा उलगडा आम्हांस या जुन्या रेल्वेप्रवासावरून झाला. 'नॉन-स्टॉप' म्हणजे एकदा उडालेले विमान थेट मुक्कामी उतरणार. 'डायरेक्ट' म्हणजे विमानाचा क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. मध्ये ते एखाद्या गावी उतरेलही, तेल भरेल, काही उतारू उतरवील, काही घेईल. क्वचित प्रसंगी क्रमांक तोच ठेवून मधल्या विमानतळावर विमानच बदलतात. या प्रकाराला विमानव्यवसायात 'चेंज ऑफ गेज' असे नाव आहे, हे वाचले तेव्हा खंडव्याच्या आठवणीने आम्हांस हसू आवरले नाही. 'कनेक्टिंग' म्हणजे सरळ सरळ गाडी बदलणे : दुसरे विमान, दुसरा क्रमांक, पुष्कळदा दुसरी कंपनी. मराठीत पहिल्या दोन्ही प्रकारांना आपण 'थेट' म्हणून मोकळे होतो, आणि घोटाळ्यास तेथूनच सुरुवात होते.

आमचा स्वतःचा घोटाळा मात्र तिसऱ्या प्रकारातला. २०११ च्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे न्यू जर्सीस निघालो होतो. एका हौशी भाच्याने दोन तिकिटे निरनिराळी घेतली. इंदूर-मुंबई एका कंपनीचे, मुंबईहून पुढचे दुसऱ्या. एकत्र तिकिटापेक्षा ती बरीच स्वस्त पडली, म्हणून घरात त्याचे कौतुकही झाले. प्रवासाच्या दिवशी इंदूरला आकाश स्वच्छ होते. परंतु आमचे विमान यावयाचे होते दिल्लीहून, आणि दिल्ली धुक्यात बुडालेली. चार तास उशिरा आम्ही सांताक्रूझला उतरलो. तेथे सामानाची वाट पाहून, ते टॅक्सीत घालून, सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल गाठेपर्यंत खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या कचेरीत बसलेल्या मुलीने संगणकाकडे पाहत सांगितले, "तुम्ही आला नाहीत असे दिसते आहे." आम्ही म्हणालो, "बाई, आम्ही तर तुमच्यासमोर उभे आहोत." त्यावर ती हसली, पण तिकीट बुडाले ते बुडालेच. पहिल्या कंपनीचे म्हणणे, आम्ही तुम्हांस मुंबईस आणून सोडले. दुसरीचे म्हणणे, तुम्ही वेळेवर आला नाहीत. दोघींचेही बोलणे आपापल्या जागी खरे होते. इंदूर-मुंबईचा मालक होता, मुंबईहून पुढचाही होता. मधल्या सांध्याला मात्र कोणीच मालक नव्हता.

हा सांधा कोणाचा, हा प्रश्न त्यानंतर आमच्या मनातून गेला नाही. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता, वाचीत गेलो. आणि ध्यानात असे आले की, हिंदुस्थानातील विमानप्रवासाचा जन्मच मुळी सांध्यावर झालेला आहे.

३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन-कराची अशी साप्ताहिक टपालसेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा आणि भाडे १३० पौंड. लंडनजवळच्या क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडातील बाझलपर्यंत यावयाचे. तेथून आगगाडीने आल्प्स ओलांडून इटलीतील जिनोआ. जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया. तेथून जमिनीवरच्या विमानाने गाझा, बगदाद, बसरा असे टप्पे घेत, इराणी आखाताच्या काठाकाठाने कराची. उड्डाणे करणारी विमानेच तीन तऱ्हेची, आणि मध्ये एक आगगाडी. तरी लंडनमध्ये पैसे भरणाऱ्याच्या हातात तिकीट एकच पडे. तिन्ही विमानांची आणि आगगाडीची सांगड घालण्याचा पत्कर कंपनीने घेतलेला होता.

योगायोग असा की, त्याच वर्षी ऑक्टोबरात वॉर्सा येथे अनेक राष्ट्रांनी विमानवाहतुकीच्या जबाबदारीविषयी एक करार केला. हिंदुस्थानात तो १९३४ च्या कायद्याने लागू झाला. या करारातील एक कलम आम्हांस आमच्या प्रश्नाचे उत्तर वाटले. एकामागून एक अनेक वाहकांनी केलेली वाहतूक, जर देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ती एकच व्यवहार म्हणून मानली असेल तर, कायद्याच्या दृष्टीने एक अखंड प्रवासच समजावी, असा त्याचा आशय. १९९९ च्या माँट्रियल कराराने त्या जुन्या कराराची जागा घेतली आणि २००९ मध्ये भारतानेही तो स्वीकारला. हे तत्त्व मात्र कायम राहिले. विमाने किती बदलली याला कायदा फारसे महत्त्व देत नाही. व्यवहार एक होता की दोन, हे तो पाहतो. आमच्या भाच्याने स्वस्ताईपायी एका व्यवहाराचे दोन केले, आणि ऐंशी वर्षांपूर्वी विद्वानांनी मोठ्या कष्टाने बांधलेला सांधा घरबसल्या सोडविला.

कराचीस आलेले टपाल पुढे न्यावयास १९३२ मध्ये टाटांची सेवा सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पुस मॉथ जातीच्या चिमुकल्या विमानात टपालाची थैली घेऊन निघाले, अहमदाबादेस उतरले आणि दुपारी मुंबईस जुहूला पोहोचले. अहमदाबादेस त्यांच्या विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. मुंबईहून पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासला टपाल नेले नेव्हिल व्हिंटसेंट यांनी. भारतीय हवाई वाहतुकीचा आरंभदिन म्हणून आपण हा दिवस सांगतो. वस्तुतः ती एक कनेक्टिंग फ्लाइट होती : लंडनचे विमान कराचीस येई, त्याला जोडून हे सुटे. लंडनचे विमान नसते तर त्या थैलीत फारसे काही नसते. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांचा हा सांधा चार महिन्यांपुरता पुण्यास, येरवड्याच्या मैदानावर हलविण्यात येत असे.

आम्हां माळव्यातील मराठी लोकांचा या इतिहासात प्रवेश होतो तो १९३७ च्या नोव्हेंबरात. टाटांनी मुंबई-दिल्ली सेवा सुरू केली ती इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर येथे थांबे घेत. आज मुंबई-दिल्ली विमान आमच्या डोक्यावरून दहा-अकरा किलोमीटर उंचीने निघून जाते, त्या काळी त्याला खाली उतरावेच लागे. इंदूर संस्थानाने बिजासन टेकडीजवळची जागा १९३५ मध्ये व्हिंटसेंट यांच्याच सल्ल्याने निवडली होती, आणि आजही विमानतळ तेथेच आहे. नवरात्रात बिजासनच्या देवीस जाणाऱ्या आमच्यासारख्यांना ही टेकडी आधी देवीची म्हणून ठाऊक, विमानाची म्हणून नंतर. ग्वाल्हेरकरांचा मान याहून मोठा. १९३८ पासून इंपीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमाने कराचीहून कलकत्त्याकडे जाताना राजसमंद आणि ग्वाल्हेरजवळच्या जलाशयांत उतरत. लंडनहून ऑस्ट्रेलियापर्यंत जाणाऱ्या मार्गावरचा एक थांबा शिंद्यांच्या राज्यातील तळ्यात होता, ही गोष्ट ग्वाल्हेरच्या नव्या पिढीस सांगितली तर ती आपली थट्टा चालली आहे असे समजते. आम्हांस हा अनुभव दोनदा आला आहे.

तथापि सांध्याचा विचार ज्याने खऱ्या अर्थाने पूर्णत्वास नेला, असे एकच स्थान या देशात झाले, आणि ते मराठी मुलखातले आहे.

जानेवारी १९४९ मध्ये नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. त्या वेळचे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांनी तिचा पाठपुरावा केला. योजना सांगावयास अगदी सोपी. रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून एकेक विमान टपाल घेऊन निघे. मध्यरात्रीनंतर चारही विमाने नागपूरला एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईच्या विमानातून आलेल्या दिल्लीच्या थैल्या दिल्लीच्या विमानात, मद्रासच्या मद्रासच्या विमानात. मग प्रत्येक विमान आपापल्या गावी परत फिरे आणि पहाटे तेथे उतरे. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्यात. त्याच वर्षी १ एप्रिलपासून अधिक आकार न घेता पत्रे विमानाने नेण्याची पद्धत आली आणि या सेवेचे महत्त्व एकदम वाढले. उतारूही घेत, रात्रीच्या प्रवासास दिवसापेक्षा भाडे कमी पडे. नागपूरला मध्यरात्री उतरून, चहा घेऊन, दुसऱ्या विमानात बसावयाचे.

आमचे एक मामा नागपूरला टपालखात्यात होते. सोनेगावची पाळी असली की ते रात्री जेवून सायकलवरून निघत. त्यांच्या सांगण्यातली एक गोष्ट मनात राहिली आहे. ते म्हणत, तीन विमाने आली की काम संपल्यासारखे वाटायचे; पण खरे काम चौथे आल्यावरच. चौथ्याला उशीर झाला की तिघांनाही थांबवायचे, की निघू द्यायचे? थांबविले तर चारही शहरांचे टपाल उशिरा. सोडले तर एका शहराचे टपाल पूर्ण एक दिवस मागे. हा निर्णय मामांच्या हाती नव्हता, हे त्यांचे भाग्य. आम्ही आज कनेक्टिंग विमानाच्या दाराशी धापा टाकीत पोहोचतो आणि दार बंद झालेले पाहतो, तेव्हा आत बसलेल्या दीडशे जणांचेही पुढचे कोठले ना कोठले विमान असते, हे मामांमुळे आम्हांस कळते. राग मात्र त्याने फारसा कमी होत नाही.

या योजनेमागील गणित मुद्दाम सांगण्यासारखे आहे. चार शहरे म्हटली की त्यांच्या जोड्या होतात सहा. प्रत्येक जोडीत रोज जाणे-येणे थेट ठेवावयाचे तर बारा उड्डाणे लागतील. नागपूरला एकत्र आणले की चार विमाने, चार येण्याची आणि चार परतीची, अशा आठच उड्डाणांत काम होते. शहरे वाढली की फरक झपाट्याने वाढतो. दहा शहरांच्या जोड्या पंचेचाळीस. थेट उड्डाणे नव्वद. मध्यवर्ती सांध्याने काम वीस उड्डाणांत भागते. त्यामुळेच थेट विमान ही नेहमी मोठ्या शहरांची चैन असते, आणि इंदूर, बेळगाव, बडोदे यांसारख्या गावांच्या वाट्यास सांधा येतो. त्यात कोणाची दुष्टबुद्धी नाही. आमच्या गावातून रोज शिकागोला जाणारे उतारू विमानभर नसतात, इतकेच.

या सेवेने बळीही घेतले. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून मद्रासकडे निघालेले डाकोटा विमान उड्डाण करताच कोसळले आणि तेरा जण मृत्युमुखी पडले. त्यांत कामगारपुढारी हरिहरनाथ शास्त्री होते. त्याच वर्षी १ ऑगस्टला आठ खाजगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली होती. हैदराबादकरांची डेक्कन एअरवेज, निझाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली आणि बेगमपेटहून चालणारी, ती या आठांपैकीच एक. नागपूरची रात्रसेवा पुढे वीस वर्षे चालली आणि १९७३ च्या ऑक्टोबरात बंद झाली.

१९७३ हे साल वाचून आम्ही थांबलो. त्याच वर्षीच्या १७ एप्रिलला अमेरिकेत मेंफिस गावी फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने चौदा विमाने घेऊन काम सुरू केले होते. पद्धत कोणती? देशभरची पार्सले रात्री मेंफिसला आणावयाची, तेथे निवडावयाची, आणि पहाटे आपापल्या दिशेने पाठवावयाची. जगभरच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत या पद्धतीचा गौरव झाला. ती सोनेगावहून नेली असा आमचा दावा मुळीच नाही; गणित एक असले की दोन माणसे स्वतंत्रपणे त्याच उत्तरास येतात. परंतु सोनेगावच्या धावपट्टीवर हेच उत्तर चोवीस वर्षे आधी, रोज रात्री, चार विमानांनी लिहिले जात होते, याची नोंद आपण मराठी लोकांनी तरी ठेवावयास हवी होती. १९७८ मध्ये अमेरिकेने विमानकंपन्यांवरील मार्गांची आणि भाड्यांची सरकारी बंधने उठविली, तेव्हा तेथील मोठ्या कंपन्यांनी उतारूंसाठीही हाच मार्ग धरला. १९८५ च्या ऑक्टोबरात दुबईच्या एमिरेट्सने कराची, मुंबई आणि दिल्ली या जवळच्या शहरांपासून सुरुवात केली आणि पुढे दुबईचेच एक जागतिक जंक्शन झाले. आज आमच्या घरातील मुले मध्यरात्री जेथे गाडी बदलतात, ते हेच नवे खंडवे.

आता 'डायरेक्ट' या शब्दाकडे वळू. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. कॉन्स्टेलेशन जातीच्या या विमानाचे नाव 'मलबार प्रिन्सेस'. ते कैरो आणि जिनिव्हा येथे उतरून लंडनला गेले. उतारूंना विमान बदलावे लागले नाही, म्हणून प्रवास थेट. परंतु थेट म्हणजे विनाथांबा नव्हे, आणि प्रत्येक थांबा म्हणजे एक उतरणे आणि एक उडणे, हे याच विमानाच्या पुढील कथेवरून समजते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच 'मलबार प्रिन्सेस' जिनिव्हाकडे उतरत असता मों ब्लां पर्वतावर आदळले आणि अठ्ठेचाळीस माणसे गेली. त्यांत बहुसंख्य खलाशी होते, इंग्लंडच्या बंदरात आपल्या जहाजावर रुजू होण्यासाठी निघालेले. त्यांना जिनिव्हाशी काही कर्तव्य नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग पडले. उड्डाण क्रमांक १०१, मुंबई, दिल्ली, बैरुत, जिनिव्हा, लंडन असा त्याचा एकाच क्रमांकाखालचा क्रम. जिनिव्हाकडे उतरत असतानाच ते कोसळले. एकशे सतरा माणसे गेली, आणि त्यांत व्हिएन्नाच्या बैठकीस निघालेले डॉ. होमी भाभा होते. त्या दिवशी आमच्या वडिलांनी रेडिओ बंद केला आणि बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत, एवढे आम्हांस आठवते.

सांधा कोठे असावा हे नेहमी इंधन किंवा गणितच ठरविते असेही नाही. गोव्याच्या वाचकांस हे आम्ही सांगावयास नको. १९५४-५५ मध्ये भारत आणि पोर्तुगीज सत्ता यांच्यातील तणाव वाढला, नाकेबंदी झाली, आगगाडी बंद पडली. १९५५ मध्ये पोर्तुगीजांनी गोव्यासाठी स्वतंत्र विमानकंपनी काढली आणि दाबोळीहून दमण, दीव आणि कराची येथे तिची विमाने जाऊ लागली. मुंबई दाबोळीहून हाकेच्या अंतरावर, परंतु तिकडे विमान नाही. बाहेरच्या जगाचे दार कराची. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा हा विचित्र मार्ग संपला. नकाशावर जवळ असलेले गाव विमानाच्या वेळापत्रकात दूर कसे असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या वाचनात नाही.

अमेरिकेचा मार्गही असाच हळूहळू सरळ होत गेला. १४ मे १९६० रोजी एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली ती लंडनमार्गे. मुंबईहून न्यूयॉर्कला मध्ये कोठेही न उतरता जाणारे तिचे विमान निघाले १ ऑगस्ट २००७ रोजी. सत्तेचाळीस वर्षे आणि नवी, लांब पल्ल्याची बोइंग विमाने यावी लागली. इंदुराहून पहिले आंतरराष्ट्रीय विमान उडाले १५ जुलै २०१९ ला, दुबईस. त्या दिवशी बिजासनवर पेढे वाटणाऱ्यांत आम्हीही होतो.

आणि २०१९ च्याच फेब्रुवारीत पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेस विनाथांबा जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडला, इंधन पुरेना, आणि त्यांना वाटेत उतरावे लागले. जुलैमध्ये आकाश उघडले. २४ एप्रिल २०२५ पासून ते पुन्हा बंद झाले, आणि दिल्ली-अमेरिका विमाने व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला तेल भरण्यासाठी उतरू लागली. क्रमांक तोच, आसन तेच. नॉन-स्टॉपचे डायरेक्ट झाले. पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचे थांबे निराळ्या कारणाने परत आले.

त्या वर्षीच्या जूनमध्ये आम्ही पुन्हा मुलीकडे गेलो. या खेपेस तिकीट एकच, इंदूर ते न्यूयॉर्क, आणि दिल्लीला मध्ये पाच तास. प्रत्येक विमानतळाला गाडी बदलण्याचा एक किमान वेळ ठरवून दिलेला असतो आणि त्याहून कमी वेळात कंपन्या जोड-तिकीट विकीत नाहीत, हे आता आम्हांस ठाऊक होते. तरी आम्ही भाच्यास तीन वेळा विचारले, "दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत ना?" इंदूरच्या खिडकीवर सामानाला जी चिठ्ठी लावली, तीवर शेवटच्या मुक्कामाची अक्षरे आहेत की नाहीत, हे चष्मा लावून स्वतः वाचले. ते पाहून मागे उभा असलेला एक तरुण कंटाळल्याचे आम्हांस जाणवले, पण त्याला खंडवा ठाऊक नव्हता.

दिल्लीहून निघून कित्येक तास झाल्यावर विमान खाली येऊ लागले. बाहेर उजेड होता. खिडकीतून हिरवी शेते आणि लाल कौले दिसू लागली, चाके टेकली, आणि आत कोणीच उठले नाही. सौभाग्यवतींनी डोळे उघडून विचारले, "आलं का? की गाडी बदलायची आहे?"

"नाही," आम्ही म्हणालो, "व्हिएन्ना आहे. इंजिन पाणी घेतंय."

त्यांनी शाल पुन्हा खांद्यावर ओढली.